साडेसात हजार आत्मे आणि एक पौंड

इंग्लंडातील मोठ्या बाजारपेठांत दुकानाचे भाडे महिन्याच्या महिन्यास देण्याची वहिवाट नाही. वर्षाचे चार भाग पाडून प्रत्येक भागाच्या आरंभी तीन महिन्यांचे भाडे आगाऊ मोजावे, अशी तेथील जुनी रूढी असून त्या चार दिवसांपैकी पहिला दिवस २५ मार्च हा होय. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे याच दिवशी देवदूताने कुमारी मेरीस पुत्रप्राप्तीची वार्ता कळविली. आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांचे नववर्षही याच दिवशी उजाडत असे. अशा दुहेरी मंगल मुहूर्तावर जागेच्या मालकाने भाडेकऱ्याच्या उंबरठ्यावर हात पसरून उभे राहावे, यात ज्या राष्ट्राला तिळमात्र विसंगती वाटली नाही, त्या राष्ट्राने पुढे निम्म्या जगाकडून सारा वसूल केला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

२०१२ साली हा २५ मार्च रविवारी आला. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी, व्हिडिओ गेम विकणारी त्या देशातील सर्वांत मोठी दुकानमालिका, जिचे नावच मुळी ‘गेम’, ती दिवाळखोरीच्या कायद्यान्वये प्रशासकांच्या स्वाधीन झाली. हा एका दिवसाचा फरक दिसतो तितका निरागस नव्हे. त्या काळी कायद्याचा अर्थ असा लावला जात असे की, भाड्याची तारीख उलटून गेल्यावर जर कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, तर त्या तिमाहीचे सारे भाडे ‘जुने येणे’ ठरावे, मालकाने ते वसूल करण्यासाठी इतर सावकारांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहावे, आणि प्रशासकांनी मात्र त्याच्याच जागेत, त्याच्याच छपराखाली, ती तिमाही संपेपर्यंत एक छदामही न देता खुशाल दुकान चालवावे. जागामालकांनी अर्थातच कोर्टकचेरी केली, आणि २४ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला की, प्रशासक जितके दिवस जागा वापरतील तितक्या दिवसांचे भाडे त्यांनी भरलेच पाहिजे. अशा रीतीने लक्षावधी मुलांच्या हाती खेळ देणाऱ्या या कंपनीचे नाव कायद्याच्या ग्रंथांत अजरामर झाले ते थकलेल्या भाड्याच्या कारणाने!

त्या सोमवारी ६०९ दुकानांपैकी २७७ दुकानांना कुलपे लागली आणि दोन हजारांहून अधिक नोकरमाणसे एका दिवसात घरी बसली. ही गोष्ट विनोदाची नव्हे, आणि कोणाच्या पोटावर पाय आला असता हसण्याची माझी तयारीही नाही. विनोद आहे तो या घटनेच्या आधीच्या आणि विशेषतः नंतरच्या कारभारात. इंटरनेट आले, खेळ तारेतून घरपोच उतरू लागले आणि बिचारे दुकान मेले, असा एक सरधोपट मृत्युलेख या कंपनीविषयी सर्वत्र वाचावयास मिळतो. इंटरनेटचा अपराध मी नाकारीत नाही. परंतु त्याच्या माथी सगळा खून मारणे हे न्यायाचे होणार नाही. गिऱ्हाइकाने आज घेऊन उद्या पुन्हा आपल्या दारी यावे, अशी जी जी म्हणून कारणे त्या दुकानापाशी होती, ती ती त्याने स्वतःच, एकामागून एक, मोठ्या शिस्तीने आणि रीतसर परिपत्रके काढून रद्द केली, असे माझे मत आहे. आणि ते या लेखात मांडावे असा विचार आहे.

या कंपनीच्या कुळकथेतच पुढच्या विचित्रपणाची बीजे दिसतात. इलेक्ट्रॉनिक्स बुटीक नावाच्या एका व्यापारी मंडळीने १९९९ साली ‘गेम’ नावाची दुसरी मंडळी ९ कोटी ९० लक्ष पौंडांना विकत घेतली, आणि थोड्याच वर्षांत स्वतःचे नाव टाकून देऊन विकत घेतलेल्या मंडळीचे नाव धारण केले. आपल्याकडे दत्तकविधानात मुलाचे नाव बदलते. येथे दत्तक घेणाऱ्या बापानेच मुलाचे नाव लावले. पुढे २००७ साली तिने गेमस्टेशन ही प्रतिस्पर्धी दुकानमालिका ७ कोटी ४० लक्ष पौंडांस खरेदी केली. प्रतिस्पर्धी विकत घेतल्यावर त्याची पाटी उतरवावी, ही साधी व्यवहारनीती. परंतु येथे दोन्ही पाट्या वर्षानुवर्षे शाबूत राहिल्या. परिणामी अनेक गावांच्या पेठेत असे दृश्य दिसू लागले की, रस्त्याच्या या बाजूस ‘गेम’ आणि हाकेच्या अंतरावर ‘गेमस्टेशन’. माल तोच, मालक तोच, भाडी मात्र दोन, दिवे दोन ठिकाणी जळणारे, आणि एका दुकानावर रुसून तावातावाने दुसऱ्यात शिरलेले गिऱ्हाईक पुन्हा त्याच मालकाच्या गल्ल्यात पैसे टाकून आपण सूड उगविला या समाधानात घरी जाणारे. गिऱ्हाइकाच्या रागाचेही उत्पन्नात रूपांतर करणारी ही योजना मला मनापासून आवडते; फक्त तिला दोन भाडी पडत होती, एवढेच तिचे वैगुण्य.

ज्या वाचकांचा या प्रकारच्या दुकानाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी धंद्याचे मर्म सांगणे अवश्य आहे. नवा खेळ साधारण चाळीस पौंडांना विकला जाई, परंतु त्यातील फार मोठा भाग तो तयार करणाऱ्या कंपनीच्या पदरात पडे आणि दुकानाच्या वाट्यास येई तो किरकोळ नफा. खरी मिळकत होती ती जुन्या मालावर. मुलाने खेळ घ्यावा, पंधरा दिवसांत तो संपवावा, कंटाळून दुकानात परत आणावा, दुकानाने तो थोडक्या पैशांत ठेवून घ्यावा, पुसूनपासून पुन्हा फळीवर मांडावा आणि दुसऱ्या मुलास बऱ्यापैकी चढ्या भावाने द्यावा, अशी ती घटमाळ होती. या व्यवहारात खेळ तयार करणाऱ्याला दुसऱ्यांदा एक कवडीही मिळत नसे, आणि म्हणूनच तो दुकानावर सदैव दात धरून असे. मुलाच्या हाती मात्र रोख पैशाऐवजी बहुधा दुकानातच वापरावयाची जमा पडत असल्यामुळे, तो तेथून हलतच नसे. जुना खेळ देऊन नव्या खेळात भर घालणे आणि नवा जुना झाला की पुन्हा तेथेच येणे, हा त्याचा नित्यक्रम होई. त्या दुकानाचे खरे भांडवल तबकड्या नव्हत्या, तर हे येणेजाणे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे कंपनीच्या ध्यानातून ती नेमकी निसटली.

लंडन परिसरातील स्लाउ, हॅरो अशा भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मातांना या जुन्या मालाच्या व्यवहाराने जो मनस्ताप दिला त्याची नोंद कोणत्याही आर्थिक इतिहासात सापडणार नाही. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर आठ आणे सोडवून घेतल्याखेरीज जिला चैन पडत नसे, अशी बाई मुलाबरोबर काउंटरशी उभी राहते, चाळीस पौंडांचा खेळ तीन आठवड्यांत आठ पौंडांचा झाल्याचे ऐकते आणि तिच्यातील पिढीजात घासाघीस जागी होते.

“अरे, विचार तरी त्याला, बारा देतो का म्हणून. डबासुद्धा फुटलेला नाही.”

“आई, इथे असं विचारत नाहीत. कंप्युटरवर भाव असतो.”

“कंप्युटरला कोणी सांगितला भाव? माणसानेच ना?”

“आई, प्लीज, मागे लोक उभे आहेत.”

यावर ती माउली मागच्या लोकांकडे वळून, त्यांचीही याच भावात फसवणूक होत असल्याबद्दल सहानुभूतीने पाहते; आणि मुलगा आपण या बाईस ओळखतच नाही असा चेहरा करून भिंतीवरील जाहिराती वाचू लागतो. कंप्युटरच्या भावाला आव्हान देणारी ही एकमेव शक्ती त्या बेटावर होती असे मला वाटते. ती वाया गेली.

आता या व्यवसायातील आदरातिथ्याकडे वळू. येथे मी कोणा एका दुकानाविषयी बोलत नसून साऱ्या पेशाच्या रीतीविषयी बोलत आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. या दुकानांत फळ्यांवर मांडलेले डबे रिकामे असत. चोरीच्या भयाने तबकड्या काढून काउंटरमागील खणांत ठेवीत, आणि गिऱ्हाइकाने रिकामा डबा निवडून तो नम्रपणे पुढे केला म्हणजे सेवकाने खणांत हात घालून त्यातील ऐवज शोधावयाचा. ही पद्धत कागदावर निर्दोष आहे. परंतु खण शेकडो, पाकिटांवरील अक्षर घाईचे, आणि ज्याने ती पाकिटे लावली तो सेवक नेमका आज सुट्टीवर, अशी स्थिती असल्यामुळे, फळीवर खेळ दिसतो, यादीत खेळ आहे, पण खणात मात्र तो नाही, असा तीन प्रमाणांतील विरोध वरचेवर उपस्थित होई, आणि त्याचा निर्णय लागेपर्यंत गिऱ्हाइकाने हातात रिकामा डबा घेऊन तिष्ठत राहावे लागे. त्यातही नवा करकरीत म्हणून पूर्ण किमतीस विकला जाणारा खेळ कित्येकदा असाच आधी फोडून ठेवलेला निघे. वेष्टन फोडलेली, हाताळलेली, पाकिटात कोंबलेली वस्तू नवी कशी, असे विचारले असता, ती कोणी खेळलेली नाही म्हणून नवी, असे उत्तर मिळे. हे उत्तर देणाऱ्याच्या तर्कशुद्धतेबद्दल मला आदर आहे. मात्र तीच वस्तू तुम्ही तासाभराने परत नेली तर ती तत्काळ जुनी कशी होते, हे कोडे त्याच तर्काने सुटत नाही.

शोध लागला, डबा भरला, पैसे काढले, आता सुटलो असे वाटावे तोच खरी परीक्षा सुरू होई. तबकडीवर ओरखडा पडल्यास बदलून देण्याची हमी थोड्या जादा पैशांत घ्यावयाची आहे काय? दुकानाचे कार्ड आहे काय? नसल्यास काढावयाचे आहे काय? त्यासाठी पत्ता, जन्मतारीख आणि ईमेल सांगता काय? पुढच्या महिन्यात येणाऱ्या अमुक खेळासाठी इसार ठेवता काय? घरी काही जुना माल पडला आहे काय? हा आणखी एक खेळ आज अर्ध्या किमतीत आहे, तो हवा काय? हे सारे प्रश्न विचारणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा, बहुधा बुद्धिमान, आणि आपण काय बोलतो आहोत याची त्यास पुरेपूर लाज वाटत असे. परंतु दिवसाकाठी किती हमीपत्रे खपविली आणि किती कार्डे काढली याचा ताळेबंद वरिष्ठांकडे जात असल्याने, तो बिचारा समोरच्या माणसाच्या डोळ्यांस डोळा न भिडविता ही प्रश्नावली एका दमात उरकून टाकी. त्याच मुलास बाजूला घेऊन, “का हो, यांपैकी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यास कोणता खेळ बरा?” असे विचारले असता त्याचा चेहरा उजळे, आवाज बदले, आणि तो इतक्या जिव्हाळ्याने, इतक्या बारकाव्याने आणि प्रसंगी स्वतःच्या दुकानाच्या तोट्याचा सल्ला देई की, हा मनुष्य आणि मघाचा प्रश्नकर्ता एकच आहेत यावर विश्वास बसू नये. इंटरनेटवर स्वस्त खेळ मिळतो. हा मुलगा मिळत नाही. ज्या दुकानाकडे असे शेकडो मुलगे पगारावर होते, त्याने त्यांच्या ज्ञानाचा उपयोग हमीपत्रे खपविण्याकडे करावा, याहून मोठी उधळपट्टी मला तरी ठाऊक नाही.

गिऱ्हाईक काउंटरपाशी काय काय कबूल करून जाते याची त्यास कल्पना नसते, हे सत्य या धंद्यातील कोणी सप्रयोग सिद्ध केले असेल तर ते गेमस्टेशननेच. १ एप्रिल २०१० या दिवशी तिने आपल्या इंटरनेटवरील विक्रीच्या अटींमध्ये एक नवे कलम हळूच घातले. त्याचा आशय असा की, ही ऑर्डर देणारा इसम आपल्या अमर आत्म्यावरील हक्क यावच्चंद्रदिवाकरौ कंपनीस देत असून, कंपनीने मागणी केल्यास तो विनाविलंब तिच्या स्वाधीन करील. ज्यास हे मान्य नसेल त्याने एका चौकटीत खूण करावी, अशी सोयही होती; आणि जे थोडे सावध लोक कलम वाचून तशी खूण करीत, त्यांना पाच पौंडांचे कूपन बक्षीस मिळे. परंतु सुमारे साडेसात हजार गिऱ्हाइकांनी काहीही न वाचता मान्यता दिली आणि आपले आत्मे एका जुन्या मालाच्या दुकानास लिहून दिले. भगवद्गीतेने ज्याच्या अविनाशित्वाची ग्वाही दिली, ज्याच्या शोधासाठी ऋषींनी अरण्ये पत्करली, तो आत्मा येथे टपालखर्चासह हस्तांतरित झाला! ती एप्रिलफूलची थट्टा होती आणि कंपनीने हे सर्व हक्क लगोलग सोडूनही दिले, हे मान्य. तरीही एक व्यावहारिक प्रश्न राहतोच. जुन्या खेळांस भाव देणाऱ्या कंप्युटरने या आत्म्यांस काय भाव दिला असता? वापरलेला, किंचित ओरखडे असलेला, मूळ वेष्टन नाही, अशा वर्णनाच्या मालास फार काही मिळाले नसते, अशी माझी भीती आहे.

याच सुमारास सर्व बाजूंनी आग लागली होती. टेस्कोसारखी किराणा दुकाने नव्या खेळाचा उपयोग गिऱ्हाईक ओढण्यासाठी करून तो तोटा सोसूनही विकीत. जर्सी बेटावरून टपालाने येणाऱ्या अल्प किमतीच्या मालावर मूल्यवर्धित कर बसत नसे, त्यामुळे तेथून तबकड्या पाठविणाऱ्यांस आयतीच सवलत मिळे. ही पळवाट सरकारने बंद केली ती १ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे कंपनी पडल्यानंतर सहा दिवसांनी! सरकारी मदत वेळेवर न पोहोचण्याची परंपरा आपल्याकडेच आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि स्टीम ही खेळ थेट संगणकावर उतरविणारी पेढी तर २००३ पासून मुकाट्याने आपले काम करीतच होती.

तथापि शेवटचा घाव घातला तो माल पुरविणाऱ्यांनी. कंपनी डगमगते आहे अशी कुणकुण लागताच उधारीवर दिलेल्या मालाचा विमा उतरविणाऱ्यांनी हात आखडला, आणि विमा नाही तर माल नाही, असे म्हणून मोठमोठ्या खेळनिर्मात्यांनी पुरवठा थांबविला. मार्च २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ हा बहुप्रतीक्षित खेळ साऱ्या देशात विक्रीस आला, फक्त देशातील सर्वांत मोठ्या खेळांच्या दुकानात आला नाही. ज्यांनी महिनोन्महिने आधी इसार ठेवून तो राखून ठेवला होता, त्यांना दुकानाने पैसे परत देऊ केले. ते पैसे घेऊन ती मंडळी अर्थातच टेस्कोत गेली. पितळेच्या दुकानात पितळ नाही म्हणून गिऱ्हाइकास भाजीवाल्याकडे पाठवावे, अशातली ही गत. याच लोकांनी १० नोव्हेंबर २००९ रोजी, ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळासाठी, त्या देशातील नोव्हेंबरच्या थंडीत मध्यरात्री याच दुकानांबाहेर रांगा लावल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे गिऱ्हाइकाच्या निष्ठेत काही उणे होते असे म्हणवत नाही. प्रशासक आल्यावर तर गिफ्ट कार्डे आणि वर्षानुवर्षे साठविलेले पॉइंटही स्थगित झाले, आणि नाताळात आजीने दिलेले कार्ड जपून ठेवणाऱ्या कित्येक बालकांस ‘विनातारण येणेकरी’ या पदाचा अर्थ फारच लहान वयात समजला.

मार्च संपता संपता ऑपकॅपिटा नावाच्या गुंतवणूकदारांनी उरलेली तीनशेहून अधिक दुकाने, त्यांवरील देण्यांसह, एक पौंड किमतीस विकत घेतली. एक पौंड! त्या दुकानांत त्या किमतीस तबकडीचा रिकामा डबासुद्धा मिळाला नसता. आणि याहून चमत्कार असा की, दोनच वर्षांनी, जून २०१४ मध्ये, हीच कंपनी लंडनच्या शेअरबाजारात पुन्हा अवतरली तेव्हा तिचे मोल ३४ कोटी पौंड ठरले, आणि २०० पेन्सचा एक याप्रमाणे तिचे भाग लोकांनी विकत घेतले. जुना माल स्वस्तात घेऊन, पुसूनपासून, चढ्या भावाने विकण्याची जी विद्या ही कंपनी पोरांवर चालवीत होती, तीच कोणी तरी तिच्यावर चालविली, आणि यावेळी गिऱ्हाईक होते शेअरबाजार! पाच वर्षांनी, २०१९ साली, स्पोर्ट्स डायरेक्टचे मालक माइक अ‍ॅश्ली यांच्या कंपनीने तेच भाग ३० पेन्सच्या भावाने, एकूण ५ कोटी २० लक्ष पौंडांत, उचलले. त्या भागधारकांपैकी कोणी लहानपणी या दुकानात खेळ परत केला असेल तर त्यास हा घसरगुंडीचा भाव ओळखीचा वाटला असेल.

मधल्या काळात कंपनीने काही धडपड केली नाही असे नाही. दुकानाच्या आत खुर्च्या मांडून, तासावर पैसे घेऊन, लोकांना एकत्र खेळू देण्याच्या जागा तिने काढल्या. ही कल्पना उत्तम होती. गिऱ्हाइकास बसावयास खुर्ची देणे हा विचार त्या व्यवसायात क्रांतिकारकच म्हणावा लागेल. परंतु नव्या मालकांच्या अमलात त्या जागा दुसऱ्या कंपनीस विकून टाकण्यात आल्या आणि खुर्च्या गेल्या. अमेरिकेतील गेमस्टॉप या समव्यवसायी दुकानाचे भाग जानेवारी २०२१ मध्ये हौशी सट्टेबाजांनी एका दिवसात ४८३ डॉलरांपर्यंत चढविले, ही गोष्ट सर्वविश्रुत आहे. तेथे दुकानाने काही न करता केवळ पडत राहून पराक्रम गाजविला. इंग्लंडातील भगिनीसंस्थेस मात्र तेवढेही भाग्य लाभले नाही.

नव्या मालकांच्या हाती आल्यावर या दुकानाचे जे झाले त्यास बदली म्हणावे की हद्दपारी, याविषयी दुमत होऊ शकेल. हाय स्ट्रीटवरील स्वतंत्र जागा एकेक करून सोडण्यात आल्या आणि खेळांची फळी स्पोर्ट्स डायरेक्टच्या प्रचंड दुकानांतील एखाद्या कोपऱ्यात, बहुधा वरच्या मजल्यावर, नेऊन मांडण्यात आली. आता खेळ हवा असलेल्या मुलास प्रथम धावण्याच्या बुटांचे अरण्य ओलांडावे लागते, मग फुटबॉलच्या सदऱ्यांच्या डोंगराला वळसा घालावा लागतो, त्या दुकानाचे सुप्रसिद्ध अवाढव्य मग चुकवावे लागतात, आणि इतक्या शारीरिक व्यायामानंतर तो बैठ्या खेळांच्या विभागात पोहोचतो. तेथेही खेळांपेक्षा मोठ्या डोक्याच्या बाहुल्या आणि खेळांची चित्रे छापलेले मोजेच अधिक. खेळाचा डबा मिळालाच तर तो उघडल्यावर आत तबकडीच्या जागी आकडे छापलेली एक चिठ्ठी निघण्याचा संभव असतो. ती घरी नेऊन, आकडे यंत्रात भरून, खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावयाचा. म्हणजे दुकानातून इंटरनेटवर जाण्याचा परवाना विकत आणण्यासाठी दुकानात जावे, अशी ही व्यवस्था आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सोनीने तर तबकडीची फटच नसलेले प्लेस्टेशन ५ बाजारात आणले आणि दुकानांनी ते हसतमुखाने विकले. आपल्याच धंद्याचे दार बाहेरून बंद करणारे कुलूप स्वतः काउंटरवर ठेवून विकावयाचे, वर त्यासाठी हमीपत्र घेता काय, असेही विचारावयाचे, हा स्थितप्रज्ञपणा सामान्य नव्हे.

इतके सारे होऊनही एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती म्हणजे जुन्या मालाची देवघेव. तारेतून उतरलेला खेळ परत करता येत नाही, विकता येत नाही, मित्रास देता येत नाही. तबकडी मात्र दुकानात नेऊन टाकली की चार पैसे हाती येतात. इंटरनेट ज्या एकाच मैदानात या दुकानापुढे निःशस्त्र होते ते मैदान हे. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने ते स्वखुशीने सोडून दिले. १६ फेब्रुवारीनंतर जुना माल घेतला जाणार नाही, असे जाहीर झाले. त्याच वर्षी पॉइंट आणि कार्डांची योजनाही गुंडाळण्यात आली, आणि नोकरांना कामाच्या तासांची कसलीही शाश्वती न देणाऱ्या करारांवर आणले जात असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. ज्याला पुढच्या आठवड्यात आपणास किती तास काम मिळेल हे ठाऊक नाही, त्याने गिऱ्हाइकास नऊ वर्षांच्या भाच्यासाठी कोणता खेळ बरा हे जिव्हाळ्याने सांगावे, अशी अपेक्षा करणे हा निर्दयपणाच होय. काउंटरवरील सेवेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी तो दोष काउंटरच्या त्या बाजूस उभ्या असलेल्या पोराच्या पदरी बांधण्यापूर्वी त्याचा करारनामा वाचावा.

या सर्वांवर कोणी म्हणेल की, जुन्या मालाचा धंदाच आता संपला, त्यास कंपनी काय करणार? तर त्यास उत्तर आहे. लंडनमध्ये १९९२ साली निघालेली सीईएक्स ही दुकानमालिका हाच धंदा करते. जुने खेळ, जुने फोन, जुनी यंत्रे घ्यावयाची, भाव पाटीवर लावावयाचा आणि पुन्हा विकावयाचे, याखेरीज ती दुसरे काही विशेष करीत नाही. तिचा काउंटर काही फार प्रेमळ आहे अशातला भाग नाही, आणि तेथेही भाव कंप्युटरच सांगतो. परंतु रोख हवे असल्यास एक आकडा आणि दुकानात खर्च करावयाचे असल्यास त्याहून मोठा दुसरा आकडा, असे दोन्ही ती आधीच जाहीर करते. ‘गेम’ने टाकून दिलेले गिऱ्हाईक तिने उचलले. आपल्या मुंबई-पुण्यातही तिची दुकाने निघाली. तेव्हा इंग्लंडात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांच्या माळ्यावर मुलांच्या जुन्या तबकड्या धूळ खात असतील, त्यांनी त्या स्पोर्ट्स डायरेक्टच्या वरच्या मजल्यावर वाहून नेण्याचे श्रम घेऊ नयेत. तेथे आता त्या घेत नाहीत. सीईएक्समध्ये न्याव्यात, आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे.